रंग बराबर शे, पन फाईल कोनती शे?

सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या हॉस्टेलवर एक ठरलेला खेळ होतो. रात्रीचे दोन वाजलेले असतात, झेरॉक्सवाला सकाळी आठला उघडणार असतो आणि रूम पार्टनर पेन ड्राइव्ह हातात घेऊन विचारतो, “अरे, आपला रिपोर्ट कोणत्या फोल्डरमध्ये आहे?” उघडून बघावं तर ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर २’, ‘रिपोर्ट फायनल’, ‘रिपोर्ट फायनल नवा’, ‘हाच फायनल’ आणि ‘सरांनी सांगितलेला फायनल’! शेवटी देवाचं नाव घेऊन त्यातला एक छापायचा. व्हायवाला सर विचारतात, “सातव्या पानावरचा आलेख तुमच्याच प्रयोगाचा का?” आपण मान डोलावतो, बाहेर येऊन हसतो आणि विसरतो.

मीही हसायचो. गेल्या उन्हाळ्यात ते हसणं थांबलं. का थांबलं, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. विषय ऐकून पान उलटू नका. विषय आहे रंग तपासायच्या सॉफ्टवेअरमधल्या फायली आणि मेनू. ‘मेनू’ म्हटलं की आपल्याला मेसच्या भिंतीवरचा बोर्ड आठवतो आणि रविवारी वरण-बट्टी आहे की नाही तेवढंच आपण बघतो. पण हा दुसरा मेनूही माणसाच्या पोटाशी जोडलेला असतो, हे मला त्या महिन्यात कळलं.

जळगाव म्हणजे केळी, सोनं, डाळ आणि चटई. आपल्या एमआयडीसीत तयार होणारी प्लास्टिकची चटई कुठे कुठे जाते ते आपण जाणतोच. चटईच्या धाग्याला रंग येतो तो मास्टरबॅचमुळे. मास्टरबॅच म्हणजे रंगद्रव्य ठासून भरलेला दाणा. साध्या दाण्यात तो थोडासा मिसळला की सगळ्या मालाला रंग चढतो. असा दाणा बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी महिनाभर ट्रेनिंगला होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची कमी आणि माझी जास्त होती.

तिथे क्वालिटीच्या खोलीत एक स्पेक्ट्रोफोटोमीटर होता आणि त्याला जोडलेला एक जुना संगणक. प्रत्येक बॅचमधून थोडा दाणा घेऊन त्याची चपटी चिप दाबायची, ती यंत्रासमोर धरायची आणि ठरलेल्या नमुन्याशी, म्हणजे स्टँडर्डशी, ताडून बघायची. फरक मर्यादेत असेल तर पडद्यावर हिरवं ‘पास’, नाहीतर लाल ‘फेल’. दुसऱ्याच आठवड्यात हे काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, यात काय एवढं? धरा आणि बटण दाबा.

त्या मेनूमध्ये ‘स्टँडर्ड वाचा’ आणि ‘बॅच वाचा’ या दोन ओळी एकाखाली एक होत्या. एका दुपारी मी घाईत वरची ओळ दाबली. नाव विचारलं, मी टाइप केलं ‘निळा-२’. संगणक म्हणाला, या नावाची नोंद आधीच आहे, बदलू का? अशा प्रश्नाला आपण जे उत्तर नेहमी न वाचता देतो तेच मी दिलं, “हो.” झालं! गिऱ्हाइकाने मंजूर केलेला निळा गेला आणि त्या दिवशीच्या एका प्रायोगिक चिपचा निळा त्याच नावाने स्टँडर्ड म्हणून बसला. मला त्याचा पत्ताही नाही. मी चहाला गेलो.

त्या रात्री पाळीवर जे काका होते ते या धंद्यात वीस वर्षं काढलेले. पारोळ्याकडचे, अहिराणी बोलणारे, त्यामुळे माझं त्यांच्याशी लगेच जमलं होतं. माझंही घर साक्री तालुक्यातलं. रात्री निघालेला माल त्यांना हिरवट वाटला. दाणा तळहातावर घेऊन त्यांनी दोनदा दिव्याखाली धरला. पण पडद्यावर हिरवं ‘पास’ होतं आणि फरक फक्त ०.४. पडद्याशी वाद कोण घालणार? त्यांनी तीन बॅचच्या गोण्या शिवल्या.

पाच दिवसांनी माल परत आला. चटईवाल्याचं म्हणणं होतं की जुन्या चटईशेजारी नवी ठेवली तर डोळ्यांना खुपते. रात्रपाळीला कोण होतं? काका. मग सगळ्यांसमोर जे बोललं जातं ते बोललं गेलं. डोळे आहेत की भोकं, चष्मा लावा, वय झालं, आणि त्या रात्रीची हजेरी कापा. काका एवढंच म्हणाले, “भाऊ, यंत्र म्हने रंग बराबर शे. पन फाईल कोनती शे ते कोनी दखं का?”

कोणी बघितलं नव्हतं. मी बघितलं, आणि घाम फुटला. ‘निळा-२’च्या नोंदीवर तारीख माझ्या त्या दुपारची होती. नशिबाने मूळ चिप एका पाकिटात सापडली. तिच्याशी तोच माल ताडला तेव्हा फरक निघाला २.१५, म्हणजे त्यांच्या १ च्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. काकांचे डोळे बरोबर होते. चुकलेली होती फाईल, आणि ती मी चुकवली होती.

मी लगेच सांगितलं असं लिहायला आवडलं असतं. पण खरं सांगायचं तर दीड दिवस गप्प बसलो. ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटची भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी जेवताना काकांनी डब्यातली कळण्याची भाकरी मोडून अर्धी माझ्या पुढ्यात ठेवली, तेव्हा घास गिळेना. मग जाऊन सांगितलं. हजेरी परत लागली. सर्टिफिकेटही मिळालं. पण सगळ्यांसमोर काकांना जे ऐकावं लागलं ते काही परत घेता आलं नाही. असो.

या प्रकारावरून माझं एक मत झालं आहे आणि ते मी इथे मांडतो. फायली नीट लावणं आणि मेनू आटोपशीर ठेवणं हे कारकुनी काम नाही. ते इंजिनीअरचं काम आहे. कॅलिब्रेशन जेवढं महत्त्वाचं, तेवढंच हे. कारण ज्या आकड्याची फाईल चुकली, तो आकडा कितीही अचूक असला तरी खोटाच.

हे पटायला आकडा कसा तयार होतो ते थोडक्यात बघावं लागेल. सिव्हिलवाल्यांनीही वाचावं, अवघड नाही.

रंग ही वस्तूत ठेवलेली चीज नाही. दिवा, वस्तू आणि डोळा हे तिघं जमले की रंग दिसतो. यंत्र काय करतं, तर वस्तूवर उजेड टाकून प्रत्येक तरंगलांबीचा किती टक्के उजेड परत आला ते मोजतं. ४०० ते ७०० नॅनोमीटर, दर १० नॅनोमीटरला एक, असे ३१ आकडे. हा झाला त्या वस्तूचा परावर्तनाचा आलेख. मग सॉफ्टवेअर त्यात ठरावीक दिवा आणि ठरावीक सरासरी डोळा मिसळतं आणि तीन आकडे काढतं: एल, ए आणि बी. एल म्हणजे उजळपणा, ० काळा आणि १०० पांढरा. ए धन असेल तर लालसर, ऋण असेल तर हिरवट. बी धन असेल तर पिवळसर, ऋण असेल तर निळसर. सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९३१ साली सरासरी डोळा आकड्यांत बसवला आणि १९७६ साली ही एल-ए-बीची पद्धत सुचवली. दोन रंगांतलं अंतर म्हणजे डेल्टा ई: तिन्ही फरकांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. बारावीच्या भूमितीतलंच सूत्र आहे.

आमच्या निळ्याचंच उदाहरण घ्या. एलमध्ये फरक −०.६, एमध्ये −०.५, बीमध्ये +२.०. वर्गांची बेरीज ४.६१, वर्गमूळ जवळपास २.१५. ए ऋणाकडे म्हणजे हिरव्याकडे सरकला आणि बी धनाकडे म्हणजे निळ्यापासून दूर गेला. काकांच्या भाषेत ‘हिरवट’. सीआयईला जे सूत्रात सांगावं लागलं ते काकांनी एका शब्दात सांगितलं होतं!

आता गंमत बघा. हाच माल, हीच चिप, हेच यंत्र, पण फाईलमधला दिवा बदला, आकडा बदलतो. धुळ्याला पाच कंदील चौकात किंवा जळगावला फुले मार्केटमध्ये दुकानाच्या ट्यूबलाइटखाली शर्ट आणि पॅन्ट एकमेकांना अगदी जुळलेली घेतली आणि बाहेर उन्हात आल्यावर ती वेगळीच निघाली, हा अनुभव कोणाला नाही? याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये दिव्याचं नाव ठरवावं लागतं: डी६५ म्हणजे दिवसाचा उजेड, ए म्हणजे जुना पिवळा बल्ब, टीएल८४ म्हणजे दुकानातली ट्यूब. रंग तपासायच्या लाइट बॉक्समध्येही असे चार-पाच दिवे असतात. पाच कंदील हे नाव रंगाच्या प्रयोगशाळेलाही शोभून दिसलं असतं.

दिवा झाला, आता सूत्र. १९७६ चं डेल्टा ई वेगळं, कापडवाल्यांचं सीएमसी वेगळं, त्यानंतर आलेलं २००० चं सूत्र वेगळं. एकाच जोडीचे तिघांचे आकडे तीन येतात. शिरपूरच्या कापड गिरणीने ‘१ च्या आत’ म्हटलं आणि जळगावच्या दाण्यावाल्यानेही ‘१ च्या आत’ म्हटलं, तर दोघांचा १ एकच असेल असं नाही. त्यात आपला उन्हाळा! काही लाल-नारिंगी रंगद्रव्यं तापली की छटा बदलतात. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना प्रेसमधून काढलेली गरम चिप तशीच यंत्रावर धरली तर आकडा चिपचा न येता तापलेल्या चिपचा येतो.

म्हणजे आकड्याबरोबर दिवा, सूत्र, मर्यादा, स्टँडर्ड, तारीख, चिप कशी आणि कधी केली, एवढं सगळं यायलाच हवं. हे सगळं राहतं कुठे? फाईलमध्ये. फाईल म्हणजे आकड्याचं गाव आणि आडनाव. नुसतं ‘पाटील’ म्हणून जळगाव स्टँडवर हाक मारून बघा किती जण वळतात ते!

ही काही संगणकामुळे आलेली नवी कटकट नाही. आपल्या खानदेशातली दोन जुनी उदाहरणं देतो. पहिलं तेलाचं. जोसेफ लोव्हिबॉन्ड नावाच्या इंग्रज बिअर बनवणाऱ्याने रंगीत काचांशी ताडून रंग मोजायचं यंत्र काढलं, त्याची कंपनी १८८५ सालची. आजही तेलाचा रंग लोव्हिबॉन्डच्या मापात सांगतात. पिवळ्या काचांचे एकक अधिक पाचपट लाल काचांचे एकक. समजा पिवळे ३० आणि लाल ५ आले, तर उत्तर ५५. पण हे ५५ किती जाडीच्या काचपात्रात? एक इंची की पाव इंची? ते लिहिलं नसेल तर ५५ ला काही अर्थ नाही, कारण तेलाचा थर जाड झाला की रंग गडद होतो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत आकड्याशेजारी पात्राचं माप लिहिल्याशिवाय कागद पुढे जात नाही. शंभर वर्षांहून जुनी ही शिस्त आहे, आणि ती फाईल लावण्याचीच शिस्त आहे.

दुसरं कापसाचं. कापसाची प्रत ठरवणारं एचव्हीआय यंत्र रंगाचे दोन आकडे देतं: आरडी म्हणजे उजळपणा आणि अधिक-बी म्हणजे पिवळेपणा. पावसात भिजलेल्या बोंडाचा कापूस पिवळा-मळका पडला की प्रत उतरते आणि प्रत उतरली की भाव उतरतो. एका गठाणीचा नमुना दुसऱ्या गठाणीच्या नंबरखाली नोंदला गेला, तर यंत्र अचूक असूनही कोणाच्या तरी खिशातून पैसे जातात. आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी कापूस आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

आणि तेल व सॉफ्टवेअर यांचा संबंध काय, असं खानदेशात तरी कोणी विचारू नये! अमळनेरला १९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही वनस्पती तुपाची कंपनी काढली, तीच पुढे विप्रो झाली.

मग फायली लावायच्या कशा? मी त्या कारखान्यात उरलेले पंधरा दिवस हेच काम केलं. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. सॉफ्टवेअर डेटाकलरचं असो, एक्स-राइटचं, हंटरलॅबचं की कोनिका मिनोल्टाचं, बटणांची नावं बदलतात. विचार तोच राहतो.

एक, स्टँडर्ड आणि बॅच यांची घरं वेगळी. स्टँडर्ड बनवणं आणि बदलणं एक-दोन माणसांच्याच हाती, पासवर्डसकट. जुनं स्टँडर्ड पुसायचं नाही. ‘बंद’ असा शेरा मारून बाजूला ठेवायचं. खरी चिपही त्याच नंबरने पाकिटात, अंधाऱ्या कपाटात ठेवायची, कारण उजेडात चिपचा रंगही विटतो.

दोन, एक गिऱ्हाईक, एक शेड, एक फाईल. दिवा, सूत्र आणि मर्यादा दर वेळी हाताने निवडायच्या नाहीत. त्या साच्यात, म्हणजे टेम्प्लेटमध्ये, एकदाच भरून ठेवायच्या. नवी फाईल साच्यातूनच जन्माला आली पाहिजे. पास-फेलची मर्यादा रात्रपाळीला बदलता येत असेल, तर ती मर्यादा कसली?

तीन, नावाला नियम हवा. ‘निळा-२’ हे नाव नव्हेच. आम्ही ठरवलं: आधी गिऱ्हाइकाचा क्रमांक, मग शेडचा क्रमांक, मग प्लास्टिकचा प्रकार, मग तारीख. तारीख लिहायची वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे संगणक क्रम लावतो तेव्हा ती आपोआप ओळीने बसते. दिवस आधी लिहिला तर जानेवारीची १ तारीख आणि डिसेंबरची १ तारीख शेजारी शेजारी येतात. आणि क्रमांक ००१, ००२ असे शून्यं लावून. नाहीतर पुष्कळदा संगणक अक्षराने क्रम लावतो आणि त्याच्या हिशेबात ‘निळा१०’ हा ‘निळा२’च्या आधी येतो. बॅचला आपोआप पुढचा क्रमांक देण्याची सोय या सॉफ्टवेअरमध्ये असते, ती वापरावी. माणूस रात्री तीन वाजता नावं ठेवायला बसला की ‘निळा नवा’, ‘निळा नवा खरा’ अशीच ठेवणार.

चार, तीन आकडे नव्हे, अख्खा आलेख जपायचा. नुसतं ‘पास’ छापून ठेवलं तर उद्या गिऱ्हाईक म्हणेल, दुकानाच्या ट्यूबखाली फरक दिसतो, तेव्हा पुन्हा हिशेब कशावर करणार? ३१ आकडे असतील तर कुठल्याही दिव्याखालचा रंग नंतरही काढता येतो. क्यूटीएक्स किंवा सीएक्सएफ अशा फायलींतून हा आलेख एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता येतो. सॉफ्टवेअर बदललं म्हणून दहा वर्षांच्या शेड फेकायची गरज नाही.

पाच, बॅकअप. हे काय सांगायचं, असं म्हणाल. पण बॅकअप घेतलेला कधी उघडून बघितला आहे का? आम्ही बघितला. फोल्डर होतं, आत शून्य फायली. दोन वर्षं दर शनिवारी मोकळ्या फोल्डरचा बॅकअप निघत होता!

आता मेनू. त्या सॉफ्टवेअरमध्ये मी मोजल्या, उघडझाप करता येणाऱ्या ओळी साठाच्या वर निघाल्या. सगळ्या इंग्रजीत. रात्रपाळीला लागणाऱ्या किती? चार. यंत्र कॅलिब्रेट करा, फाईल उघडा, बॅच वाचा, छापा. बाकीच्या छप्पन्न ओळी म्हणजे छप्पन्न खड्डे, आणि एका खड्ड्यात मी पडलो ते सांगितलंच.

घरातला मसाल्याचा डबा बघा. आईने रोज लागणारी हळद, तिखट, जिरे, मोहरी, धणेपूड हाताशी ठेवलेली असते. वर्षाचं तिखट माळ्यावर बरणीत असतं. फोडणी टाकताना कोणी माळ्यावर चढत नाही. एसटीतल्या कंडक्टरच्या तिकीट मशीनचंही तेच. गाडी खच्चून भरलेली, एका हाताने वरची दांडी धरलेली, तरी तिकीट निघतं, कारण त्याला लागतं तेवढंच त्याच्या बोटाखाली आहे. मेनू असा हवा. कामाचा जो क्रम, तोच बटणांचा क्रम. रोजचं पुढे, महिन्याकाठी लागणारं मागे, आणि ‘पुसा’, ‘बदला’, ‘मर्यादा’ ही तिन्ही कुलपात. या सॉफ्टवेअरमध्ये माणसाप्रमाणे पडदा आणि अधिकार वेगळे देण्याची सोय बहुधा असते. पण इन्स्टॉल करणारा इंजिनीअर अर्ध्या दिवसात निघून जातो, सगळ्यांना एकच मोकळा पासवर्ड देऊन जातो, आणि तो पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं राहतो.

यावर आक्षेप येतील. आमच्याच वर्गात आले. पहिला आक्षेप असा की मेनू झाकला म्हणजे कामगाराला अडाणी समजलो. मला उलट वाटतं. प्रेसला जाळी लावतो ती कामगार मूर्ख आहे म्हणून नव्हे. रात्री तीन वाजता कोणाचाही हात सरकू शकतो म्हणून. मी तर बी. ई. करणारा, दुपारी तीन वाजता, पोटभर जेवलेला, तरी हात सरकला. कुलूप माझ्यासाठी हवं होतं. मात्र कुलपाबरोबर दुसरी गोष्टही द्यायला हवी, ती म्हणजे थांबवण्याचा अधिकार. काकांसारख्या माणसाला रंग हिरवट वाटला तर ‘पास’ असूनही माल अडवून ठेवता आला पाहिजे. आम्ही पडद्यावर एक पाचवं बटण वाढवलं. ते नोंदीवर ‘डोळ्यांना शंका’ एवढा शेरा मारतं. शेरा पडला की सकाळी मूळ चिपशी पुन्हा ताडायचं, तोवर गोणी शिवायची नाही.

दुसरा आक्षेप हुशार मित्राचा. म्हणाला, “आता सगळं डेटाबेसमध्ये असतं, सर्च मारला की मिळतं. पुढे तर एआय शोधून देईल.” बाबा रे, जे लिहिलंच नाही ते सर्च कुठून आणणार? ‘निळा’ शोधल्यावर शंभर निळे मिळाले तर त्यातला गिऱ्हाइकाचा कोणता, हे पुन्हा काकांनाच विचारावं लागेल. आणि चुकीच्या नावाच्या फायलींवर एआय शिकवला, तर तो माझीच चूक जास्त वेगाने आणि जास्त आत्मविश्वासाने करील.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. छोट्या कारखानदाराला वेळ नाही, माणूस नाही. त्याला सकाळी गाडी भरायची असते. म्हणूनच हे काम आपलं आहे. दरवर्षी आपल्यातले कितीतरी जण जळगाव, धुळे, शिरपूर, अमळनेरच्या कारखान्यांत ट्रेनिंगला जातो. महिनाभर कोपऱ्यात बसतो, चहा पितो आणि गूगलवरून उतरवलेला रिपोर्ट देतो. त्याऐवजी एका यंत्राच्या फायली आणि एका संगणकाचा मेनू लावून दिला, तर तो कारखाना पुढच्या मुलाला स्वतःहून बोलावेल. आणि बटणांची नावं मराठीत करून द्यावीत. सॉफ्टवेअर होऊ देत नसेल तर मराठीत एक तक्ता लिहून शेजारी चिकटवावा, पासवर्डच्या चिठ्ठीच्या जागी.

शेवटी थोडं घरचंही बोलायला हवं. सरांनी रागावू नये. आपल्या प्रयोगशाळांतल्या संगणकांची अवस्था माझ्या पेन ड्राइव्हसारखीच आहे. डेस्कटॉपवर गेल्या कित्येक बॅचच्या फायली, कोणाच्या ते त्यांनाही आठवणार नाही. दरवर्षी नवा गट तोच प्रयोग पहिल्यापासून करतो, कारण जुने आकडे असूनही कोणत्या परिस्थितीत घेतले ते कुठेच लिहिलेलं नाही. माझी विनंती एवढीच की प्रत्येक प्रयोगशाळेत नावाचा एक नियम भिंतीवर लावावा, प्रत्येक यंत्राचा एक साचा असावा, आणि जर्नलच्या गुणांपैकी दोन गुण फाईलला द्यावेत. व्हायवामध्ये एकच प्रश्न जास्तीचा विचारावा: “हा आकडा कोणत्या फाईलमधला, उघडून दाखव.” दोन मिनिटांत उघडली नाही तर गुण नाहीत. सुरुवातीला आम्ही कुरकुर करू, मग सवय होईल. मेसमध्ये ताट स्वतः उचलून ठेवण्याचीही झालीच ना?

ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी मी काकांना नवा पडदा दाखवला. पाच बटणं, मराठीत. त्यांनी चष्मा लावला, ओळीने वाचली, फाईल उघडली, चिप धरली. आकडा आला ०.६, पास. मी म्हटलं, “काका, झालं ना आता?” ते काही बोलले नाहीत. वरच्या कोपऱ्यात फाईलचं नाव आणि तारीख लिहिलेली होती तिथे बोट ठेवून त्यांनी ती आधी वाचली, पाकिटातल्या चिपवरच्या नंबराशी जुळवली, आणि मगच गोणी शिवायला घेतली.

आज रात्री तुमच्या पेन ड्राइव्हमधलं ‘न्यू फोल्डर’ उघडा. आत काय आहे ते तुमचं तुम्हाला तरी सांगता येतंय का, बघा.